ओंडक्यांची फेरी

“फाटा आला की थांबायचं. रस्त्याकडे बघत बसायचं नाही, साहेबाकडे बघायचं. त्याचे कान ज्या बाजूला वळतील ती आपली वाट.” नवऱ्यानं हे सांगितलं होतं स्वयंपाकघराच्या दारात एका पायावर उभं राहून, बुटाची नाडी ओढता ओढता, आणि तिनं गॅसवरच्या दुधावरची नजरही काढली नव्हती. कोण जातंय जंगलात. तिच्या पायांना घर, देव, कारखाना आणि घर एवढीच वाट पाठ होती. आत्ता मात्र ते शब्द कुणी कानाशी वाकून म्हणावेत तसे आले, कारण साहेब दारात उभा होता. पट्टा मागे लोंबत होता, त्याचं टोक चिखलानं काळं झालं होतं, पोटाखालचे केस ओले, आणि त्याच्यामागून जिन्यावर कुणाचीही पावलं वाजत नव्हती.

ती दार धरून उभी राहिली. रोजचा क्रम ठरलेला असे: आधी कुत्र्याच्या नखांची टकटक, मग मधल्या वळणावर खोकला, मग किल्ल्या असतानाही खिसे चाचपण्याचा आवाज. तिनं खोकल्याची वाट पाहिली. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी नळाखाली बादली भरत होती, तिचा आवाज बारीक बारीक होत गेला आणि थांबला. खोकला आला नाही. तिच्या एका हातात जपमाळ होती, अंगठा मण्यावर तसाच अडकलेला. मागे कोपऱ्यात दिवा तेवत होता. कठड्यावरून वाकून तिनं खाली पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. मौन होतं.

सकाळी उठल्यापासून दुपारचं जेवण होईपर्यंत बोलायचं नाही, हे तिनं देवापुढे हात जोडून घेतलं होतं, डॉक्टरांनी त्या लांबलचक नावाच्या दुखण्याचं निदान सांगितलं त्याच आठवड्यात. त्यांची आठवण राहू दे, मी माझं बोलणं देते. असा साधा व्यवहार. नणंद समोरच्याच इमारतीत राहायची, नवऱ्याची थोरली बहीण, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं तंदुरुस्त. ती म्हणाली होती, “बरं केलंस बाई. या घराण्यात एकतरी माणूस गप्प बसायला हवंच होतं.” नवरा हसला होता. पण मौन घेण्यामागे आणखी एक गोष्ट होती आणि ती फक्त तिला आणि देवाला ठाऊक. निदान झाल्यापासून तिच्या तोंडून सकाळभर प्रश्नच बाहेर पडत. चष्मा घेतला का? आज वार कोणता, सांगा बरं? काल कोण आलं होतं आपल्याकडे? प्रत्येक प्रश्नासरशी त्यांचा चेहरा शाळेत फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलासारखा होई, आणि तरी तिला थांबता येत नसे. जीभ बांधली तेव्हा कुठे सकाळी घरात शांतता आली. ते चहा घेत, तिच्याकडे बघून मान हलवत, साहेबाला घेऊन निघत. ती न विचारता त्यांना जाऊ देई. साहेब होता ना बरोबर.

साहेब होता ना बरोबर, हे वाक्य तिनं किती जणांना म्हटलं होतं. चपला घालताना तिला त्या वाक्याचाच राग आला. नवरा आयुष्यभर लिफ्टचा मेकॅनिक; काळोख्या विहिरीसारख्या उभ्या बोगद्यात तारा, वंगण आणि वरून ओरडणारे साहेब लोक. निवृत्त झाल्यावर मुलीनं नोकरीच्या गावी जाताना आपला कुत्रा मागे ठेवला, तेव्हा ह्यांनी पहिलं काय केलं तर त्याचं नाव बदललं. म्हणाले, “एवढ्या वर्षांत एकाही साहेबानं मला बस म्हटलं नाही. आता मी साहेबाला बस म्हणणार.” आणि साहेब बसलाही, लगेच, जमिनीला शेपटी घासत. वर-खाली पुष्कळ झालं, आता जरा सरळ चालतो, असं म्हणून ते रोज त्याला घेऊन शेवटच्या बसथांब्यापलीकडच्या जंगलात जाऊ लागले. दुखणं कळल्यावर तिनं एक बिल्ला करून आणला, त्यावर घराचा पत्ता, आणि तो साहेबाच्या गळपट्ट्याला अडकवला. नणंद म्हणाली होती, कुत्र्याला कशाला, तो कुठं विसरतोय? एक तुझ्या नवऱ्याच्या कोटात शिव. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती काजं करायची, असला कापडाचा तुकडा अस्तराला टाचायला तिला किती वेळ लागणार होता? पण ते काय सामान होते, पत्ता चिकटवायला? तिनं नाही शिवला. म्हणून आज ज्याला पत्ता होता तो घरी आला होता.

साहेब जिना उतरायला लागला तेव्हा तिनं पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला घेतले. दिवा तेवत ठेवूनच दार ओढलं. रस्त्यावर दुकानांची शटर्स अर्धी उघडी, पाव पोचवणाऱ्या गाडीचं मागचं दार उघडं, त्यातून गरम वास. सगळं इतकं रोजच्यासारखं की तिला वाटलं, आपणच उगाच. एखादे वेळी ते मागे कुणाशी बोलत थांबले असतील, कुत्रा कंटाळून पुढे आला असेल. समोरच्या खिडकीत नणंद केस विंचरत होती. तिनं वरूनच विचारलं, आज स्वारी कशी काय कुत्र्याबरोबर, आणि आमचा भाऊ कुठं झोपून राहिलाय? ती मान वर करून नणंदेकडे बघत राहिली. एक शब्द बोलली असती तर नणंद अर्ध्या गल्लीला बाहेर काढू शकली असती. पण तो शब्द गळ्याशी आला आणि तिथंच त्याला कसलीशी धास्ती बसली. आत्ता आपण बोललो आणि तिकडे ते एखाद्या वळणावर उभे असतील, वाट आठवू पाहत असतील, आणि नेमकी त्याच क्षणी ती पुसली गेली तर? देवाशी केलेला सौदा आपल्या बाजूनं मोडला तर तो त्याच्या बाजूनं का पाळेल? तिनं हातानं काहीतरी खूण केली, जिचा अर्थ तिला स्वतःलाही सांगता आला नसता, आणि चालू लागली. मागून नणंदेचा कंगवा चौकटीवर आपटल्याचा आवाज आला.

जंगल तिला ऐकून माहीत होतं. रात्रीच्या जेवणाला ते तिथल्या वाटा वाढून घेतल्यासारख्या सांगत. बंधाऱ्याची फेरी म्हाताऱ्या कुत्र्यांची, सपाट, पाण्याच्या कडेनं, बसायला जागोजाग दगड. टेकडीची फेरी ज्यांच्या अंगात मस्ती आहे त्यांची. वर पोचेपर्यंत कुत्र्याचीही जिरते आणि मालकाचीही. ओढ्याकाठची फेरी सुंदर, पण घरी बायकोला फरशी पुसायची हौस असेल तरच. आणि ओंडक्यांची फेरी नाकाच्या कुत्र्यांची, जिथं लाकूडतोडे कापलेली झाडं रचून ठेवतात आणि प्रत्येक ओंडक्याला निराळा वास असतो. साहेबाची ही आवडती, म्हणून त्यांचीही. ती भाजी वाढत ऐकायची. अलीकडे त्यांची फेऱ्यांची नावं एकमेकांत गुंतायला लागली होती, बंधारा टेकडीवर जायचा, ओढा मध्येच नाहीसा व्हायचा, आणि ती दुरुस्त करायची नाही कारण तिला कुठं खरं काय ते ठाऊक होतं? आपण एकदा तरी बरोबर गेलो असतो तर. जंगलाच्या फाटकातून आत शिरताना झाडांची थंडी अंगावर आली आणि तिला आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरतोय असं वाटलं. इथं ते तिच्याशिवाय राहत होते, रोज. इथल्या माणसांना ते ठाऊक होते, तिला ठाऊक होते त्याहून निराळे.

पहिल्या फाट्याशी ती थांबली. रस्त्याकडे पाहिलं नाही. साहेबाचे कान आधी तिच्याकडे वळले, मग मागे फाटकाकडे, मग डावीकडे. ती डावीकडे वळली. पायाखाली ओली पानं, त्यांच्याखाली मुळं. पाऊल ठेवावं तिथं जमीन थोडी आत जायची. दूर कुत्रे भुंकत होते, आवाज कुठून येतोय ते झाडं कळू देत नव्हती. ती मनात नाम घेत होती आणि त्या नामाच्या मधूनच दुसरं काहीतरी वर येत होतं: ओढ्याचं पाणी, घसरडा काठ, बुटाची सुटलेली नाडी. सकाळी त्यांनी नाडी बांधली होती का? ती समोरच बसली होती, पण जप करत. डोळे मिटून. समोर नवरा बूट घालतोय आणि आपण डोळे मिटून त्याच्यासाठी देवाला आळवतोय. तिला हसू येईल की रडू, ते कळेना, आणि दोन्हींना आवाज लागतो म्हणून तिनं ओठ दाबून धरले. साहेब मध्येच थांबून मागे बघे, ती येतेय ना याची खात्री करून घ्यायला. त्याची ती नजर. त्यांच्याबरोबर चालताना तो असंच करत असणार. कोण कुणाला फिरवत होतं, देव जाणे.

वळणापलीकडून दोन छोटे, अगदी एकसारखे कुत्रे पळत आले आणि साहेबाच्या पायांत घुसले. त्यांच्या अंगात निळी जाकिटं होती. ती ते कापड बघतच राहिली. शाळेच्या गणवेशाचं उरलेलं निळं कापड, पोटाशी बटण आणि बटणाला तिचं काज. कुठलाही कारागीर स्वतःचा टाका ओळखतो. मागच्या थंडीत ते जेवताना रोज सांगायचे, आज जुळ्यांची आई भेटली, जुळ्यांना सर्दी झालीय, जुळी फार भांडतात. तिला त्या कधी न पाहिलेल्या बाईची दया आली आणि तिनं दोन छोटी जाकिटं शिवून त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती मिशीतल्या मिशीत हसत खिशात घातली आणि चकार शब्द काढला नाही. आठवडाभरानं म्हणाले, जुळ्यांना अगदी माप बसलं, फक्त शेपटीपाशी जरा घट्ट होतंय. त्या रात्री ती इतकी हसली होती की उचकी लागली. मौनाच्या आधीच्या दिवसांतली ती शेवटची मोठी हसण्याची रात्र.

जुळ्यांची आई मागून आली. उंच, पांढरे आखूड केस, हातात शिट्टी. तिनं साहेबाला पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. मग पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं आणि आवळला. साहेबाचे काका कुठे आहेत, तिनं विचारलं. उत्तर नाही. तुम्ही कोण? उत्तर नाही. बाईची नजर तिच्या घरच्या चपलांवर गेली, हातातल्या माळेवर, चिखलानं भरलेल्या पट्ट्यावर. जंगलात कुत्रे चोरीला जातात हेही ते जेवताना बोलले होते. चांगल्या जातीचा असला की फाटकाबाहेर गाडी उभीच असते. बाईनं एक पाऊल पुढे येऊन साहेबाच्या गळपट्ट्यात बोटं घातली. शांतपणे, पण पक्की.

“हा कुत्रा मी ओळखते,” ती म्हणाली. “पट्टा माझ्याकडे द्या.”

दोन्ही बाजूंनी पट्टा ताणला गेला. साहेब मध्ये उभा, कुणाकडे बघावं ते न कळून. तिला त्या बाईच्या अंगाला येणारा साबणाचा वास आला, जुळ्यांचं धापा टाकणं ऐकू आलं. देवा, तुझं तुला परत. असं ती मनात म्हणाली की नाही, हे तिला नंतरही नक्की सांगता आलं नाही. आवाज बाहेर आला तो गंजलेल्या बिजागरीसारखा.

“हे कुठं आहेत? आमचे हे. साहेब एकटाच घरी आला.”

काहीही झालं नाही. पानं हलत होती तशीच हलली. बाईची बोटं गळपट्ट्यातून सुटली. तिचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग त्यावर हळूहळू काहीतरी चढत गेलं, शरमेसारखं. ती म्हणाली की ओंडक्यांपाशी एक गृहस्थ बसलेत. ती तिथूनच तर येत होती. त्यांनी हात वर केला होता तिला बघून, आणि तिला वाटलं कुणी अनोळखी माणूस उगाच सलगी करतोय, म्हणून ती मान फिरवून झरझर पुढे आली. आम्ही इथं नावं कुठं विचारतो एकमेकांची, ती म्हणत होती, कुत्र्यांचीच नावं ठाऊक. “रोज भेटतात हो. रोज. पण कुत्रा नव्हता ना बरोबर. ओळखलंच नाही मी त्यांना.”

ऐकता ऐकताच ती धावायला लागली होती. ओंडक्यांची वाट कोणती हे आता विचारावं लागत नव्हतं, पट्टाच तिला ओढून नेत होता. हात वर केला होता. म्हणजे हात वर करता येतोय. मदत मागायला केला होता? की नुसता नमस्कार? आणि कितीजण असेच मान फिरवून पुढे गेले असतील, रोज ज्यांच्याशी वाटा आणि गोचिड्या आणि लसी यांवर तासन्‌तास बोलणं होई ते सगळे? झाडं विरळ झाली, कापलेल्या लाकडाचा ओला, गोडसर वास आला, आणि मग रचलेल्या ओंडक्यांच्या कडेला ते दिसले. गुडघे जुळवून, टोपी मांडीवर ठेवून, बसची वाट बघावी तसे. बुटाच्या नाड्या बांधलेल्या होत्या. दोन्ही. तिनं आधी ते पाहिलं.

“अगं, तू?” ते उठले. “तू इथवर आलीस?”

“अहो,” ती म्हणाली.

“आणि बोलतेस!” ते चकित होऊन तिच्याकडे बघत राहिले. “सकाळचं मौन असतं ना तुझं? मोडलंस?”

त्यांना आठवत होतं. तिचं मौन त्यांना आठवत होतं, वेळेसकट. ती ओंडक्यावर टेकली. सगळं ठीक होतं. ती उगाच घाबरली होती. पट्टा हातातून निसटला असेल, ते थकून बसले असतील, एवढंच. साहेब त्यांच्याजवळ गेला, अंग वाकडंतिकडं करत, घशातून बारीक आवाज काढत. ते त्याच्याकडे वळले. आणि त्यांनी उजव्या हाताची मूठ अर्धवट मिटून, पालथी, त्याच्या नाकापुढे धरली.

परक्या कुत्र्यापुढे आधी पालथा हात धरायचा, त्याला वास घेऊ द्यायचा, मग हात लावायचा. त्यांनीच शिकवलं होतं तिला, मुलीनं साहेबाला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा.

“परत आला बघ हा,” ते म्हणाले. “सकाळपासून मागे लागलाय माझ्या. चांगल्या घरचा दिसतो, गळ्यात पत्ता आहे, अंगानंही भरलाय. घरी जा म्हणून दटावलं तेव्हा कुठं गेला बिचारा. कुणाचा रे तू?”

साहेबानं हात हुंगला. हुंगत राहिला. मग डोकं त्या पालथ्या हाताखाली घालून उभा राहिला, आणि त्यांनी ते थोपटलं, अदबीनं, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावावा तसं. ती ओंडक्याचं साल नखानं उचकटत होती. सालीखाली पांढरा, ओला थर होता. सांगावं का? तुमचाच आहे हो हा, बघा तरी नीट, नाव आठवतंय का, सांगा बरं. प्रश्न जिभेवर रांग लावून उभे होते, आणि आता तर त्यांना अडवायला मौनही नव्हतं. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो फळ्यापाशी उभा केलेला चेहरा नव्हता. तो एका भल्या माणसाचा चेहरा होता, वाट चुकलेल्या एका मुक्या जिवाची काळजी करणारा.

“याच्या मालकाचा जीव नुसता वर-खाली होत असेल,” ते म्हणाले. “मला शोधता आलं असतं, पण या वाटा हल्ली मला... तू शोधशील त्याला?”

“शोधीन.”

“आज नको, दमलीस तू. पण शोधशील नक्की?”

“नक्की शोधीन,” ती म्हणाली. “शब्द देते.”

मग ती तिघं आल्या वाटेनं परत निघाली. वाटेत जुळ्यांच्या आईनं थांबून हात जोडले, ह्यांनीही मोकळेपणी जोडले, आणि पुढे गेल्यावर विचारलं की बाई कोण. घरी दिवा विझला होता. वात काजळून तेलात पडली होती. तिनं ती बदलली, दिवा पुन्हा लावला, आणि देवापुढे बसली तेव्हा मागायला काय उरलंय ते तिला कळेना, म्हणून नुसतीच बसून राहिली. दुपारी कारखान्यात तिच्या हातून एक काज उलट्या बाजूनं कापलं गेलं. संध्याकाळी त्यांच्या कोटाचं अस्तर उसवून तिनं आत कापडाची पट्टी बसवली, पत्त्याची, अगदी बारीक टाक्यांत, आणि ते समोर बसून बघत होते तरी त्यांनी काय करतेस ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद आली, कठडा धरत, एकेक पायरी मोजून चढावी तशी. कालचं सगळं तिनं ऐकलं होतं. तिच्याकडे बोलायला पुष्कळ असणार. पण ती भावासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, मी आहे इथं, तू जा. ते चहा पीत होते. साहेब दाराशी, आत की बाहेर ते न ठरवता, पुढचे दोन्ही पाय उंबऱ्यावर ठेवून बसला होता. घरात परक्यासारखं कसं बसावं हे एका रात्रीत तो शिकला होता. तिनं पट्टा घेतला, मनगटाला वेढे दिले.

“निघालीस?” त्यांनी मान वर केली. “बंधाऱ्याकडनं जा. तिथं कुत्रेवाले पुष्कळ येतात. कुणालाही विचार, ओळखतील याला.”

“विचारते,” ती म्हणाली.

“आणि सापडला तर रागावू नकोस त्याच्यावर. सुटला असेल चुकून हातातून.”

“नाही रागावणार.”

ते समाधानानं मान हलवून चहाकडे वळले. नणंदेनं तोंड खिडकीकडे फिरवलं. जंगलात जायचं म्हणून तिनं चपलांऐवजी आज बूट घातले होते, मुलीचे जुने, पुढून जरा मोठे. दार आवाज न करता ओढून घेतलं आणि साहेबाला घेऊन ती त्याच्या मालकाला शोधायला जिना उतरू लागली.